कोरडी पट्टी

माळावर मोकळे सोडलेले वर्ष-दीड वर्षाचे शिंगरू बराच वेळ स्वस्थ उभे आहे, असे दृश्य क्वचितच पाहावयास मिळते. दचकण्यास त्याला उडालेले एक पान पुरते. ते उधळते, गर्रकन वळते, पुन्हा धावत सुटते. आणि अशाच एखाद्या उधळणीत कुंपणाच्या काटेरी तारेत त्याचा पाय सापडतो. तार तुटत नाही. घाबरलेले शिंगरू पाय हिसकून घेते आणि गुडघ्याखालची कातडी सोलून निघते. पशुवैद्य येतात, जखम धुतात, जमतील तेथे टाके घालतात, पट्टी बांधतात आणि निघताना एक वाक्य बजावून जातात : ‘पट्टी ओली होऊ देऊ नका.’ वाक्य लहानसे आहे. परंतु पुढचे कित्येक आठवडे ते पाळावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, हे समजण्यास घोड्याच्या पायाची घडण, कापसाचा स्वभाव आणि पाण्याची वाट या तिन्ही गोष्टींची ओळख असावी लागते.

प्रथम पायाकडेच पाहू. घोड्याच्या पुढच्या पायातील ज्या सांध्याला सर्वजण गुडघा म्हणतात, तो वस्तुतः त्याच्या मनगटाचा सांधा होय. मागच्या पायात मध्यावर मागे निघालेला जो टोकदार सांधा दिसतो, ती त्याची टाच. म्हणजे घोडा तळपायावर चालत नाही, बोटावर चालतो; तेही एकाच, मधल्या बोटावर. खूर हे त्या बोटाचे नख. मनगट आणि टाच यांच्या खाली घोड्याला मांस जवळजवळ नाहीच. तेथे एक लांब हाड आहे, हाडामागून ताणून बसविलेल्या दोरांसारख्या कंडरा आहेत, आणि त्यांवर घट्ट ओढून बसविलेली पातळ कातडी आहे. पाय हलविणारे पुष्ट स्नायू वर, खांद्यात आणि पुठ्ठ्यात असतात. तेथून ते या कंडरांच्या साह्याने खालचा पाय ओढतात. खालचा भाग असा हलका असल्यामुळेच पाय झपाट्याने पुढे फेकता येतो, आणि घोड्याच्या वेगाचे निम्मे रहस्य या हलकेपणात आहे.

मात्र या वेगाची किंमत जखम झाल्यावर द्यावी लागते. मानेवर किंवा छातीवर मोठी जखम झाली, तरी तेथे खाली मांसाची गादी असते, रक्ताचा पुरवठा भरपूर असतो आणि भोवतालची सैल कातडी हळूहळू आत ओढली जाऊन जखमेचे तोंड मिटते. पायाच्या नळीवर यांतले काहीच नाही. कातडी सैल नाही, म्हणून ती ओढली जात नाही. रक्त थोडे पोचते. शिंगरू पाऊल टाकील तेव्हा तेव्हा सांधा वाकतो आणि जुळू पाहणाऱ्या कडा पुन्हा ताणल्या जातात. शिवाय ही जागा जमिनीपासून वीत-दोन विती उंचीवर. धूळ, लीद आणि चिखल यांच्या अगदी शेजारी. अशा ठिकाणी शरीर कधीकधी भलत्याच उत्साहाने काम करू लागते. जखम भरून काढण्यासाठी जे लाल, दाणेदार, नवे मांस उगवते, ते कातडीच्या पातळीवर थांबत नाही. फुलकोबीच्या गड्ड्यासारखे बाहेर फुगते, आणि मग कडेची कातडी त्या टेकडीवर चढून पलीकडे पोचूच शकत नाही. लहान चणीच्या तट्टांच्या जखमा त्या मानाने लवकर भरतात. उंच, मोठ्या घोड्यांच्या बाबतीत मात्र हे वाढलेले मांस पशुवैद्यांना पुनःपुन्हा छाटावे लागते.

पट्टीचे काम या सर्व अडचणींशी झगडण्याचे असते. म्हणून ती एक चिंधी नसते. तीन थरांची रचना असते. जखमेला चिकटणार नाही असे औषधी कापड अगदी आत. त्यावर कापसाचा जाड थर; तो जखमेतून झिरपणारा द्रव शोषून घेतो आणि पायाला सर्व बाजूंनी मऊ उशी देतो. सर्वांत बाहेर लवचीक पट्टी. ती आतले दोन थर जागच्या जागी धरून ठेवते. कापसाचा थर पुरेसा जाड असला म्हणजे बाहेरची पट्टी चांगली ओढून बांधता येते आणि तरीही तिचा दाब एकाच जागी न पडता सर्वत्र सारखा पसरतो. कापूस कमी पडला, किंवा पट्टीला एक जरी चुणी राहिली, की तो दाब दोरीने काचावे तसा कंडरेवर पडतो. पायाची मूळ जखम बरी झाली, पण पट्टीनेच कंडरा दुखावली, असे होऊ शकते. म्हणून पट्टी बांधण्याचे काम पशुवैद्याकडून हातात हात घेऊनच शिकावे लागते. वाचून ते येत नाही.

आता पाण्याकडे वळू. समईतील वात तेलात बुडवली की तेल आपोआप वर चढते. कापसाच्या तंतूंमध्ये अतिशय बारीक पोकळ्या असतात, आणि अशा पोकळ्यांतून द्रव स्वतःहून पुढे सरकतो. जे समईत हवेहवेसे असते, तेच पट्टीत घातक ठरते. शिंगरू दोन बोटे खोल डबक्यात क्षणभर उभे राहिले आणि पट्टीची खालची कड तेवढी भिजली, असे समजा. पाहणाऱ्याला वाटते, जखम तर वर आहे. परंतु काही वेळाने तेच पाणी कापसातून वर चढत जखमेपर्यंत गेलेले असते. यात फसगत अशी की, बाहेरची लवचीक पट्टी लवकर वाळते. वरून हात फिरविला तर ती कोरडी लागते, आणि आतला कापूस मात्र ओलाचिंब असतो.

हा ओलावा काय करतो? दिवसभर धुणी धुणाऱ्या बाईच्या बोटांची कातडी कशी पांढुरकी, सुरकुतलेली आणि मऊ होते, हे सर्वांच्या पाहण्यातले आहे. पट्टीखालची कातडी तशीच होते, फक्त तिला वाळून पूर्ववत होण्यास अवसर मिळत नाही. जखमेच्या कडांवरून सरकणारी नवी, नाजूक कातडी अशा ओलीत टिकत नाही. दुसरे असे की, कोरडा कापूस हा जंतूंच्या वाटेतील अडसर असतो. तोच भिजला की बाहेरची घाण आणि आतली जखम यांच्यामध्ये एक सलग ओला पूल तयार होतो. त्यावरून जंतू सहज आत येतात, आणि आतली ऊब त्यांना मानवते. तिसरी गोष्ट वजनाची. भिजलेला कापूस जड होऊन खाली घसरतो, चेपतो, त्याची उशी नाहीशी होते आणि घोट्यावर चुण्यांचे कडे तयार होते. सुती पट्टी वाळताना आक्रसली, तर ते कडे आणखी आवळते. म्हणजे आधी सैल होऊन घसरलेली पट्टी नंतर भलत्याच ठिकाणी घट्ट बसते.

यावर कोणालाही चटकन सुचणारा उपाय म्हणजे पट्टीभोवती प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून वरून दोरी बांधणे. उपाय सोपा आहे आणि तो बहुधा चुकीचाच ठरतो. पाणी आत येऊ न देणारे आवरण आतले पाणीही बाहेर जाऊ देत नाही. घोड्याच्या कातडीला मनुष्याच्या कातडीप्रमाणेच भरपूर घाम येतो, जखमेतूनही सतत द्रव झिरपत असतो. रात्रभर पिशवीत राहिलेला पाय सकाळी उघडून पाहिला, तर पावसाचा एक थेंबही न लागता पट्टी ओली झालेली आढळते. वरून आवळलेली दोरी रक्तप्रवाहाला अडथळा करते ती वेगळीच. शिवाय फरशीवर गुळगुळीत प्लॅस्टिक घसरते. आधीच लंगडणारे जनावर घसरून पडले, तर एका जखमेच्या दोन होतात.

तरीही पाणी अडविणाऱ्या आवरणाला त्याची जागा आहे. ओल्या अंगणातून शिंगराला पलीकडच्या पडवीत न्यावयाचे आहे, किंवा पशुवैद्याकडे नेताना वाटेत पाऊस लागणार आहे, अशा घटका-अर्ध्या घटकेपुरते ते वापरावे आणि कोरड्या जागी पोचताच काढून टाकावे. शिरेतून द्यावयाच्या द्रवाची रिकामी पिशवी यासाठी फार उपयोगी पडते. ती जाड असते, चटकन फाटत नाही, आणि एका बाजूने कापली की खुरावर मोज्यासारखी बसते. मोटारीच्या चाकाच्या जुन्या रबरी नळीचा तुकडाही काहीजण वापरतात. वरून चिकटपट्टी लावावयाची असेल, तर एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. तिचे वेढे खालून वर घेत जावे. म्हणजे प्रत्येक वरचा वेढा खालच्या वेढ्याच्या कडेवर बसतो, छपरावरची वरची कौले खालच्या कौलांवर बसावीत तसा, आणि पायावरून ओघळणारे पाणी बाहेरच्या बाहेर निघून जाते. वेढे वरून खाली घेतले, तर प्रत्येक सांधीचे तोंड वर उघडे राहते आणि पाणी तेथेच साचते. कौलारू घरात राहिलेल्या माणसाला हे निराळे सांगावे लागत नाही. सर्वांत वरचा वेढा मात्र कधीही पायाच्या कातडीवर आवळून घेऊ नये.

खरे पाहता पट्टी ओली होते ती पावसापेक्षा तबेल्यातच अधिक. घोडा दिवसाकाठी कित्येक लिटर मूत्र टाकतो. ते कठीण जमिनीवर पडले की शिंतोडे मागच्या पायांवर उडतात, आणि खळगा असला तर तेथेच साचते. शिंगरू आडवे झाले की दुखरा पाय नेमका त्या ओलीत पसरला जातो. मूत्र कुजताना त्यातून अमोनिया निघतो. सकाळी तबेल्याचे दार उघडताच डोळे चुरचुरावेत इतका तो झोंबत असेल, तर अंथरूण रात्रीच बदलावयास हवे होते, हे निश्चित समजावे. पाण्याने भिजलेल्या पट्टीपेक्षा मूत्राने भिजलेली पट्टी कितीतरी वाईट. लीद तर त्याहून घातक. कारण धनुर्वाताच्या जंतूंची बीजे मातीत आणि घोड्याच्या लिदीत आढळतात, आणि सर्व पाळीव जनावरांत घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो. जखम झाल्याबरोबर पशुवैद्य प्रथम धनुर्वाताच्या लसीची चौकशी करतात ती याचसाठी.

म्हणून जाणता मोतद्दार पट्टीच्या आधी जमिनीची सोय पाहतो. तबेल्याच्या जमिनीला मागच्या बाजूस बेताचा उतार हवा, नाली मोकळी हवी. वर भाताचा पेंढा, गव्हाचे काड किंवा लाकडाचा भुसा भरपूर जाड पसरावा. पातळ अंथरूण लगेच चेपते आणि ओल वर येते. जाड अंथरुणात ती खाली उतरते आणि वरचा थर कोरडा राहतो. दिवसातून एकदा सबंध तबेला झाडण्यापेक्षा चारदा जाऊन तेवढा ओला झालेला भाग आणि लीद उचलणे अधिक फायद्याचे. पाण्याची बादली जमिनीवर ठेवू नये. छातीच्या उंचीवर, शक्यतो दाराशी टांगावी. लहान वयाच्या घोड्याला पाणी दिसले की त्यात पाय आपटण्याची विलक्षण हौस असते, आणि तो आपटतो तो नेमका पट्टी बांधलेलाच पाय!

या वयाचा हा खोडकरपणा हीच सेवा करणाऱ्याची खरी कसोटी असते. प्रौढ घोडा कोंडून राहण्याची सवय झालेला असतो. शिंगराला महिनाभर चार भिंतींत राहणे म्हणजे शिक्षा. ते दारावर लाथा झाडते, गोल गोल फिरते, आणि काहीच सुचेनासे झाले की पट्टीचे टोक दातांत धरून ओढते. चघळलेली पट्टी लाळेने भिजते आणि सुटतेही. त्यासाठी लाकडी पट्ट्यांची एक रुंद माळ मानेभोवती घालतात. तिच्यामुळे मान पायापर्यंत वाकत नाही, खाणेपिणे मात्र चालू राहते. परंतु त्याहून मोठा उपाय सोबतीचा. आई जवळ असेल तर उत्तमच; नाहीतर दुसरे शांत घोडे समोर दिसेल असे बांधावे. पुष्कळ ठिकाणी सोबतीला शेळी ठेवतात. थोडथोडा चारा अनेकदा घातला, तर तोंड कामात राहते आणि पट्टीचा विसर पडतो.

प्लॅस्टिकच्या चुरचुर आवाजाला शिंगरे फार भितात. पायाला ते बांधून एकदम सोडले, तर स्वतःच्याच पायापासून पळ काढण्याचा चमत्कारिक प्रयत्न ती करतात. म्हणून आदल्या दिवसांत खाणे चालू असताना तो आवाज कानांवर पडू द्यावा, मग आवरण खांद्यावरून, पोटावरून हळूच फिरवावे, आणि शेवटी पायाकडे न्यावे. पट्टी बांधणाराही जमिनीवर मांडी घालून किंवा गुडघे टेकून बसत नाही. तो बाजूला उकिडवा बसतो, म्हणजे जनावर दचकले तर क्षणात उठून दूर होता येते.

महाराष्ट्रात ही सारी दक्षता पावसाळ्यात अधिकच कठीण होते. पुण्याच्या घोड्यांच्या शर्यती पावसाळ्यातच होतात. माथेरानवर मोटारींना बंदी असल्यामुळे दीर्घकाळ घोडा आणि हातरिक्षा हीच तेथील वाहने होती, आणि आजही तेथील तांबड्या वाटांवर घोडी ओझी आणि प्रवासी घेऊन जातात. त्या जांभ्या दगडाच्या मातीचा पावसात जो लाल चिखल होतो, त्यात उभ्या राहिलेल्या जनावराची पट्टी कोरडी ठेवणे हे सोपे काम नव्हे. अशा हवेत पाऊस न लागताही कापड ओलसर राहते. धुतलेली पट्टी दोन दिवस दांडीवर टांगली तरी हाताला गार लागते, आणि गार लागणारी पट्टी ही ओलीच पट्टी समजावी. कोकणात पूर्वी शेगडीवर टोपली पालथी घालून तीवर लहान मुलांचे कपडे वाळवीत. पट्ट्यांनाही ती युक्ती लागू पडते. त्यावर इस्तरी फिरविली तर उरलासुरला दमटपणाही जातो. पट्ट्यांचे तीन संच असले म्हणजे ओढाताण होत नाही : एक पायावर, एक वाळत, एक हाताशी तयार. अगदी आतले औषधी कापड मात्र प्रत्येक वेळी नवे आणि निर्जंतुकच वापरावयाचे.

येथे एक शंका येणे साहजिक आहे. शर्यतीचे घोडे पायांवर थंड पाण्याची धार सोडून उभे केलेले दिसतात. काही ठिकाणी त्यांना समुद्राच्या पाण्यात नेतात. मग पाणी पायाला वाईट कसे? फरक असा की, तेथे कातडी शाबूत असते. मुरगळलेल्या, सुजलेल्या पायाची आग थंड पाण्याने शमते, आणि नंतर पाय उघडा राहून वाळतो. पाणी वाईट नाही. उघड्या जखमेवर, कापसात कोंडून राहिलेले पाणी वाईट.

पट्टीच्या आत डोळा पोचत नाही, म्हणून दिवसातून निदान दोनदा हाताने आणि नाकाने परीक्षा करावी लागते. पट्टीच्या वरच्या आणि खालच्या कडेपाशी बोट घालून पाहावे. ओल असेल तर तेथे प्रथम कळते. पट्टीच्या वरचा पाय कालच्यापेक्षा सुजलेला आहे काय, पट्टीवरून हात फिरविताना एखादी जागा इतरांहून गरम लागते काय, कुबट वास येतो काय, माश्या घोंगावतात काय, हे पाहावे. सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे स्वतः शिंगरू. काल पाय टेकीत होते आणि आज टेकीत नाही, एवढे पशुवैद्याला बोलावण्यास पुरेसे आहे. पट्टी भिजली असे कळल्यावर ‘आता रात्र झाली, सकाळी पाहू’ असे म्हणणे हीच सर्वांत महाग पडणारी बचत. ओली पट्टी ज्या वेळी सापडेल त्या वेळी सोडावी, भोवतालची कातडी स्वच्छ कापडाने टिपून कोरडी करावी आणि पट्टी नव्याने बांधावी. पायाला प्लॅस्टरचा साचा घातलेला असेल, तर मात्र तो घरी सोडू नये, पशुवैद्यालाच बोलवावे.

एवढा खटाटोप एका पायासाठी, असे कोणाला वाटेल. परंतु घोड्याच्या बाबतीत प्रश्न कधीही एका पायाचा नसतो. मनुष्याचा पाय दुखावला तर तो खाटेवर पडून राहतो. घोड्याला ते जमत नाही. तो दिवसाचा बहुतेक काळ उभा असतो, उभ्याउभ्याच डुलकी घेतो. फार वेळ आडवा राहिला तर त्याच्याच भाराने त्याचे स्नायू आणि फुप्फुसे दबू लागतात. एक पाय दुखत असला की त्याचा भार समोरच्या जोडीदार पायावर पडतो, आणि तो पाय विसावा न घेता दिवसचे दिवस तो भार वाहतो. खुराच्या आतील हाड खुराच्या भिंतीला असंख्य नाजूक पापुद्र्यांनी टांगलेले असते. पाऊल उचलणे आणि टेकणे यांमुळे त्या पापुद्र्यांत रक्त खेळते राहते. पाय सतत टेकलेलाच राहिला, तर रक्त खेळत नाही, पापुद्रे सुटू लागतात आणि हाड आपल्या जागेवरून ढळते. चांगल्या पायाचा असा नाश झाला, म्हणजे दुखरा पाय बरा होऊनही उपयोग राहत नाही. वाढत्या वयाच्या शिंगरात आणखी एक धोका असतो. चांगल्या पायाची कोवळी हाडे जादा भाराखाली वाकडी वाढू लागतात.

याचे जगाने पाहिलेले उदाहरण बारबारो या अमेरिकन घोड्याचे. तीन वर्षांच्या या घोड्याने 6 मे 2006 रोजी केंटकी डर्बी ही विख्यात शर्यत साडेसहा घोडेलांबी इतक्या अंतराने जिंकली. दोनच आठवड्यांनी, 20 मे रोजी, बाल्टिमोर येथील प्रीकनेस शर्यतीच्या आरंभीच त्याचा मागचा उजवा पाय मोडला. हाडांचे वीसहून अधिक तुकडे झाले होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटर या पशुरुग्णालयात दुसऱ्या दिवशी डॉ. डीन रिचर्डसन यांनी काही तास शस्त्रक्रिया करून पोलादी पट्टी आणि 27 स्क्रू यांच्या साह्याने तो पाय सांधला.

घोडा भुलीतून जागा होतो तो घाबरून, धडपडत. आणि त्या धडपडीत सांधलेले हाड पुन्हा मोडण्याची भीती असते. यासाठी त्या रुग्णालयात एक तलाव आहे. बेशुद्ध घोड्याला यारीने उचलून रबरी तराफ्यात ठेवतात, आणि तो तराफा पाण्यात सोडतात. तराफ्याला खाली चार लांब बाह्या असतात. प्रत्येक पाय एकेका बाहीत. घोडा जागा होतो तेव्हा तो पाण्यावर तरंगत असतो. त्याने कितीही पाय झाडले तरी ते कठीण वस्तूवर आपटत नाहीत. आणि इतक्या पाण्यात असूनही पाय मात्र बाह्यांमध्ये कोरडे राहतात. पूर्ण शुद्धीवर आल्यावर त्याला तसेच उचलून तबेल्यात नेतात. पाण्याचा आधार घ्यावयाचा आणि ओल टाळावयाची, या दोन्ही गोष्टी मनुष्याने तेथे एकत्र साधल्या आहेत.

बारबारो या तलावातून सुखरूप बाहेर आला. पाय सांधू लागला. परंतु जुलै महिन्यात त्याच्या मागच्या डाव्या, म्हणजे धडधाकट पायाच्या खुरात वर सांगितलेली व्याधी उद्भवली, आणि त्या खुराची सुमारे 80 टक्के भिंत काढून टाकावी लागली. तरीही तो टिकून राहिला. शरद ऋतूत बाहेर नेऊन चारण्याइतका सुधारला, आणि नोव्हेंबरमध्ये मोडक्या पायाचा साचाही निघाला. पुढे खुराच्या दुखण्याने पुन्हा उचल खाल्ली, पुढच्या दोन्ही पायांच्या खुरांतही ते उतरले, आणि उभे राहण्यास एकही सुखाचा पाय उरला नाही. 29 जानेवारी 2007 रोजी त्याला वेदनामुक्त करण्यात आले. आठ महिन्यांहून अधिक काळ उत्तमोत्तम शुश्रूषा लाभलेल्या घोड्याची ही कथा.

तारेत पाय सापडलेल्या शिंगराची जखम इतकी भीषण नसते. पण त्याच्या शरीराचा हिशेब तोच असतो. पट्टी ओली राहिली की जखम चिघळते, चिघळली की पाय ठणकतो, ठणकला की तो उचललेलाच राहतो, आणि त्याचा भार शेजारच्या पायाला बसतो. पट्टी कोरडी राहिली तर हे दिवस कमी होतात. म्हणूनच पशुवैद्य पुष्कळदा दुखऱ्या पायाबरोबर समोरच्या चांगल्या पायालाही आधाराची पट्टी बांधतात, आणि तीही तितक्याच काळजीने कोरडी ठेवावयास सांगतात.

पट्टी केव्हा काढावयाची, हेही पशुवैद्यच ठरवितात. शिंगरू झपाट्याने वाढत असते. गेल्या पंधरवड्यात बेताची बसलेली पट्टी आज काचू शकते. शिवाय कोवळ्या वयात पाय फार दिवस बांधून ठेवला, तर कंडरा आळशी होऊन सैल पडतात आणि पट्टी निघाल्यावर घोटा जमिनीकडे झुकलेला दिसतो. म्हणून जखमेवर नवी कातडी आली की पट्टी एकदम टाकून न देता प्रथम कोरड्या तबेल्यात काही तास पाय मोकळा ठेवतात, मग दिवसभर, आणि अखेरीस चिखल नसलेल्या अंगणात शिंगराला हाताने धरून थोडे चालवितात. नव्या कातडीवर पुष्कळदा केस उगवतात ते पांढरे. तांबड्या किंवा काळ्या पायावरचा तो पांढरा पट्टा घोडा म्हातारा होईपर्यंत तसाच राहतो, आणि खरारा करणाऱ्याचा हात तेथे आपोआप हलका होतो.